पिंग म्हणजे काय? मालवणात १०० एमबीपीएसचं कनेक्शन असूनही गेम आणि मीटिंग का अडकते?

ऑनलाइन गेम खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा सतत हलत असतो. चांगला असेल तर हिरवा, बिघडला की लाल. यालाच पिंग म्हणतात. गेम हरलेला प्रत्येक जण त्याच्यावर खापर फोडतो, पण तो आकडा नेमकं काय मोजतो हे फार थोड्यांना ठाऊक असतं. नवीन कनेक्शन घेताना तर त्याबद्दल कोणी विचारतही नाही. सगळा भाव एमबीपीएसवर ठरतो.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात आता हा प्रश्न फक्त गेमपुरता उरलेला नाही. कोरोनाच्या काळात लॅपटॉप घेऊन गावी आलेले चाकरमानी, घरून इंटरव्ह्यू देणारी इंजिनिअरिंगची मुलं, पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम घरच्या पडवीत बसून करणारे लोक या सगळ्यांचं काम याच आकड्यावर अवलंबून आहे. गावात राहून आयटीची नोकरी जमेल का, याचं उत्तर प्लॅनच्या स्पीडपेक्षा पिंगमध्ये जास्त सापडतं.

नाव आलं समुद्रातून

पिंग हा प्रोग्राम अमेरिकन लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. नेटवर्कमध्ये काहीतरी बिघडलं होतं आणि दोष कुठे आहे ते त्यांना शोधायचं होतं. नाव त्यांनी सोनारवरून घेतलं. पाणबुडी पाण्यात आवाज सोडते, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. म्यूस यांच्या प्रोग्रामने तेच केलं. माहितीचं एक छोटं पाकीट दुसऱ्या कॉम्प्युटरकडे पाठवायचं, ते परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं.

मालवणच्या माणसाला हे समजावायला पाणबुडीपर्यंत जायची गरज नाही. ट्रॉलरवरचा फिश फाइंडर याच तत्त्वावर चालतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. खाली ३० मीटर, म्हणजे सोळा वाव पाणी असेल तर आवाज तळाला लागून परत यायला ४० मिलिसेकंद लागतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. योगायोग असा, की मोबाइल नेटवर्कवरून गेम खेळताना चांगल्या दिवशी पिंगही साधारण एवढाच दिसतो.

म्हणजे पिंग हा वेग नाही, विलंब आहे. एमबीपीएस सांगतं की एका सेकंदात किती माल येईल. पिंग सांगतो की निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागेल. कासालहून मालवणला येणारा रस्ता कितीही रुंद केला, त्यावरून एकाच वेळी कितीही ट्रक आले, तरी एका माणसाला निरोप घेऊन जायला आणि परत यायला लागणारा वेळ अंतरावर आणि वाटेतल्या थांब्यांवरच ठरतो.

सिनेमा बघताना हा विलंब कळत नाही, कारण फोन पुढची काही सेकंदं आधीच उतरवून ठेवतो. गेममध्ये तशी सोय नाही. समोरचा खेळाडू पुढच्या क्षणी काय करणार हे आधी कसं उतरवून ठेवणार? व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी खेळाची स्थिती बदलतो. पिंग १५० असेल तर तुमचा संदेश जाऊन उत्तर येईपर्यंत सर्व्हरवर १९ वेळा चित्र बदललेलं असतं. तुम्ही भिंतीमागे लपलात, तरी सर्व्हरच्या लेखी अजून उघड्यावर उभे होता आणि गोळी लागली. त्यात फसवणूक नसते, विलंब असतो.

मालवण ते मुंबई: ५ मिलिसेकंद

आता अंतराचा हिशोब. फायबरच्या काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मालवण ते मुंबई रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर. निसर्गाच्या नियमाने लागणारा वेळ फक्त ५ मिलिसेकंद. केबल कोल्हापूर-पुण्याकडून फिरून गेली तरी त्यात दोन-तीन मिलिसेकंदांचीच भर पडते.

मुंबईच का? कारण भारतातले बरेच मोठे सर्व्हर तिथे आहेत. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपलं क्लाउड केंद्र सुरू केलं, गुगलने २०१७ मध्ये. २०२० मध्ये व्हॅलोरंट आला आणि त्याच वर्षी त्याला मुंबईचा सर्व्हर मिळाला. त्याआधी भारतातले कित्येक खेळाडू बाकीचे गेम सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळत आणि ६०-७० च्या खाली पिंग दिसला की खूश होत. देशाबाहेर जाणाऱ्या समुद्राखालच्या केबलही मुंबई, चेन्नई, कोची, तूतुकुडी आणि तिरुवनंतपुरम या पाच शहरांतच किनाऱ्याला लागतात. मालवणच्या घरासमोर समुद्र असला तरी त्या समुद्रापलीकडचं इंटरनेट वर्सोव्याला उतरून, डोंगर-रस्ते ओलांडून मागच्या दाराने गावात येतं.

थोडक्यात, 'आम्ही लांब राहतो म्हणून नेट स्लो' हे कारण खरं नाही. चांगल्या फायबरवर, वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरूनही, मालवणहून मुंबईचा पिंग १५ ते २५ च्या घरात यायला हरकत नसते. तो ९० येत असेल किंवा दर मिनिटाला २० वरून २०० वर उडी मारत असेल, तर दोष त्या ५०० किलोमीटरमध्ये बहुधा नसतो. तो शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये असतो, आणि पुष्कळदा शेवटच्या पाच मीटरमध्ये.

चिऱ्याची भिंत

सुरुवात घरापासून करू. कोकणातलं घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं. भिंत जाड, पावसात ओलसर. राउटर बहुतेक वेळा पुढच्या खोलीत, कारण वायर खिडकीतून तिथे आली. माणूस बसतो मागच्या खोलीत किंवा माळ्यावर. वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ लहरी वेगवान असतात, पण भिंतीतून जाताना लवकर दमतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्या जातात, पण त्या मार्गावर शेजाऱ्यांची वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा असतो. चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे फोन 'पूर्ण रेंज' दाखवत असला तरी प्रत्येक पाकीट दोन-तीनदा पाठवावं लागत असतं. तिथे पिंग उड्या मारायला लागतो.

यावर उपाय स्वस्त आहे आणि म्हणूनच कदाचित कोणी सांगत नाही: लॅन केबल. राउटरपासून टेबलापर्यंत एक वायर ओढली की घरातला निम्मा त्रास संपतो. हजारो रुपयांचा 'गेमिंग राउटर' भिंतीपुढे तितकाच हतबल असतो.

जेटीवरची रांग

दुसरं कारण जास्त फसवं आहे. तुम्ही खेळताय किंवा मीटिंगमध्ये आहात, आणि घरात कोणीतरी लग्नाचे फोटो ड्राइव्हवर चढवायला लावले. लगेच पिंग २० वरून ३०० च्या पुढे.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांची मालवण जेटीवरची रांग आठवा. मे महिन्यातल्या रविवारी होडी काही हळू चालत नाही. जायला तेवढाच वेळ लागतो, पण रांगेतच तास जातो. राउटरमध्येही अशी रांग लागते. फोटोंची हजारो पाकिटं पुढे उभी राहतात आणि तुमच्या आवाजाचं छोटंसं पाकीट त्यांच्या मागे. कनेक्शन १०० एमबीपीएसचं असलं तरी काही प्लॅनमध्ये अपलोडचा वाटा बराच कमी असतो, आणि रांग तिथेच लागते. काही राउटरमध्ये 'क्यूओएस' नावाची सेटिंग असते. ती चालू केली की लहान, घाईच्या पाकिटांना वेगळी रांग मिळते. ती नसेल तर मोठं अपलोड रात्री लावणं हा साधा मार्ग.

स्पीड टेस्टच्या काही अ‍ॅपमध्ये तीन वेगवेगळे पिंग दिसतात: लाइन मोकळी असतानाचा, डाउनलोड चालू असतानाचा आणि अपलोड चालू असतानाचा. लोक पहिला बघतात आणि समाधान मानतात. खरी परिस्थिती शेवटचे दोन सांगतात.

टॉवर, पाऊस आणि गणपती

ज्या गावात फायबर नाही तिथे मोबाइल टॉवरवरच सगळा भार. टॉवर दिसतो म्हणजे नेट आहे असं नव्हे. तो टॉवर पुढच्या जगाशी कशाने जोडलाय हे महत्त्वाचं. काही टॉवरपर्यंत फायबर असतं. डोंगराआडच्या गावांतल्या अनेक टॉवरवर मात्र गोल ढोलासारखा अँटेना दिसतो, तो समोरच्या डोंगरावरच्या दुसऱ्या टॉवरशी रेडिओ लहरींनी बोलतो. या लहरींची वारंवारिता जितकी जास्त, तितका पावसाचा त्यांना त्रास जास्त, कारण थेंब लहरी शोषून घेतात आणि विखुरतात. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मुसळधार सरीत फोनवर रेंज पूर्ण असते पण काहीच उघडत नाही. त्याचं एक कारण हे.

दुसरं म्हणजे गर्दी. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटून मिळते. तारकर्ली-देवबागला नाताळ आणि मे महिन्यात पर्यटक येतात, गणपतीत प्रत्येक घरात मुंबईहून दहा माणसं येतात. टॉवर तेच, फोन कितीतरी पट. यूपीआयचा निरोप काही किलोबाइटचा, त्याला स्पीड लागतच नाही, तरीही स्कुबाचे पैसे देताना चक्र गरगरत राहतं, कारण छोट्या निरोपालाही नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं.

५जी आल्यावर हे सुटेल असं २०२२ मध्ये वाटलं होतं. थोडं सुटलं. पण ५जीचा वेगवान पट्टा, म्हणजे ३,५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, झाडी आणि डोंगर फारसा पार करत नाही. माडांच्या बागेत फोनवर ५जी लिहिलेलं दिसतं आणि दोन पावलांवर ४जी होतं. या उलटसुलट बदलात प्रत्येक वेळी पिंग उसळी घेतो. अशा जागी फोन ४जीवरच बांधून ठेवला तर गेम जास्त स्थिर चालतो, हे अनेक खेळाडूंनी अनुभवाने शोधलेलं आहे आणि ते बरोबर आहे.

इथे एका नावाबद्दल सावध राहायला हवं. 'एअरफायबर' नावाच्या जोडणीत घरापर्यंत फायबर येत नाही. छपरावरचा डबा टॉवरशी बिनतारी बोलतो. वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरच्या देवबागसारख्या गावात किंवा डोंगरातल्या वाडीत ती उत्तम सोय आहे, पण टॉवरचे सगळे गुणदोष तिच्यात येतात. फायबर समजून घेतलं तर निराशा होते.

वीज गेली की

कोकणात नेट जाण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे वीज जाणं. वारं सुटलं, फांदी तारेवर पडली, लाइट गेली. फायबरला स्वतःला वीज लागत नाही, पण दोन टोकांच्या यंत्रांना लागते. घरी इन्व्हर्टर असूनही नेट जातं, कारण गावातल्या केबलवाल्याच्या पेटीतली बॅटरी संपलेली असते. टॉवरचंही तसंच. बॅटरी काही तास चालते, मग डिझेल जनरेटर असेल तर तो, नाहीतर शांतता. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा खांब आडवे झाले, अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. त्यापाठोपाठ फोनही गेले. लॉकडाऊनचा काळ तो. वर्ग ऑनलाइन, ऑफिस ऑनलाइन.

रोजच्या दोन-तीन तासांच्या खंडासाठी मात्र मोठ्या इन्व्हर्टरची गरज नसते. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि फार कमी वीज खातात. त्यांच्यासाठी पुस्तकाएवढा छोटा यूपीएस मिळतो. फायबरच्या जोडणीत राउटरशिवाय वेगळा डबा असेल तर त्यालाही तो लावावा लागतो. राउटर चालू आणि तो डबा बंद, अशी गंमत बऱ्याच घरांत होते.

इंटरव्ह्यूमध्ये काय होतं

गेममध्ये पिंग वाढला तर एक डाव जातो. इंटरव्ह्यूत नोकरी जाऊ शकते, आणि का गेली ते कळतही नाही.

बोलण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस अशी की आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा. त्यापुढे संभाषण विस्कटायला लागतं. समोरचा प्रश्न विचारून थांबतो, उत्तर उशिरा येतं. त्याला वाटतं उमेदवार अडखळला. तो पुन्हा बोलायला लागतो, तेवढ्यात उमेदवाराचा आवाज पोहोचतो आणि दोघे एकमेकांवर बोलतात. 'आत्मविश्वास कमी' असा शेरा पडतो. खरं तर कमी पडलेलं असतं नेटवर्क.

सरासरी पिंगपेक्षा घातक दोन गोष्टी. एक म्हणजे जिटर, पिंगची अस्थिरता. सतत ८० असेल तर माणूस आणि मशीन दोघंही जुळवून घेतात. एकदा २०, एकदा २४० असेल तर आवाज तुटतो. दुसरी म्हणजे पॅकेट लॉस, वाटेत हरवलेली पाकिटं. फाइल डाउनलोड होताना हरवलेलं पाकीट पुन्हा मागवलं जातं, रजिस्टर्ड पत्रासारखं. कॉल आणि गेममध्ये पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो, कारण ते येईपर्यंत क्षण निघून गेलेला असतो. म्हणून शब्द गायब होतात, खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारतो.

इंटरव्ह्यूच्या वेळी व्हिडिओ अडकायला लागला तर 'कॅमेरा थोडा वेळ बंद ठेवू का?' असं सरळ विचारावं. नुसत्या आवाजाला शंभर केबीपीएससुद्धा पुरतात. त्याहून चांगलं म्हणजे सुरुवातीलाच सांगून ठेवावं की गावातून बोलतोय, आवाज उशिरा आला तर दोन सेकंद थांबा. त्यात कमीपणा काही नाही.

काम परदेशी कंपनीचं असेल तर गणित बदलतं. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. म्हणजे १२५ मिलिसेकंद तर निसर्गाचेच, प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास. तो मालवणात बसा की पवईत, सारखाच. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा भारतातून युरोपकडे जाणारं काम सगळीकडूनच मंदावलं. अशा केबल तुटण्याचं जगभरातलं मुख्य कारण मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर, हे बंदराच्या गावात सांगण्यासारखं. अमेरिकेतल्या सर्व्हरवर कोड टाइप करणाऱ्याला प्रत्येक अक्षर उशिरा उमटताना दिसतं. म्हणून रिमोट काम घेताना विचारायचा प्रश्न हा, की मशीन कुठे आहे? काम स्वतःच्या लॅपटॉपवर करून फक्त तयार कोड पाठवायचा असेल तर ३०० पिंगनेही फरक पडत नाही. दिवसभर दूरच्या मशीनचा पडदा समोर ठेवून काम असेल, तर पडतो.

दोष कुठे आहे ते कसं शोधायचं?

विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग कमांडपुढे पत्ता दिला की चार पाकिटं जातात आणि वेळ दिसतो. फोनसाठी यासाठीची मोफत अ‍ॅप आहेत. आधी राउटरच्याच पत्त्याला पिंग करा, तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो किंवा डब्याच्या मागे लिहिलेला असतो. इथे आकडा १ ते ५ च्या आत हवा. इथेच ५०-१०० दिसत असेल तर कंपनीला फोन करून उपयोग नाही, दोष वायफायचा किंवा भिंतीचा.

राउटर ठीक असेल तर ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याला पिंग करा. सकाळी, रात्री नऊ वाजता आणि पाऊस पडत असताना, अशा तीन वेळा. रात्रीच बिघडत असेल तर केबलवाल्याकडे गर्दी आहे. पावसातच बिघडत असेल तर जोड ओला होतोय किंवा टॉवरची डिश दमतेय. दिवसभर सारखाच जास्त असेल तर कंपनी तुमची पाकिटं लांबच्या वाटेने नेतेय. या शेवटच्याच प्रकारात 'पिंग बूस्टर' किंवा गेमिंग व्हीपीएन कधीकधी उपयोगी पडतं, कारण ते दुसरी वाट देतं. बाकी दोन्हीत ते पैसे वाया.

हे आकडे तारखेसह लिहून तक्रार केली तर 'नेट स्लो आहे' म्हणण्यापेक्षा उत्तर लवकर मिळतं. दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये केलेल्या सेवेच्या दर्जाच्या नियमांत स्पीडबरोबर विलंब, जिटर आणि हरवलेली पाकिटं यांचीही मोजणी धरली आहे. मोबाइल कंपन्यांनी कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर दाखवणंही त्यात आहे. गावात घर भाड्याने घेण्याआधी किंवा होमस्टेवरून महिनाभर काम करायचा बेत असेल तर तो नकाशा बघावा, पण शेवटी त्या खोलीत जाऊन फोन लावून बघण्याला पर्याय नाही.

उपग्रहाचं काय?

जुन्या पद्धतीचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. निरोप वर जाऊन खाली, आणि उत्तर पुन्हा वर जाऊन खाली, यात जवळपास ४८० मिलिसेकंद जातात. गेम तर सोडाच, फोनवर बोलणंही अवघड. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे तिथे विलंब जमिनीवरच्या नेटच्या जवळ येतो. कंपनीला जून २०२५ मध्ये केंद्राचा परवाना मिळाला. मात्र डिशला आकाश मोकळं लागतं. माडा-पोफळीच्या बागेत ते शोधावं लागेल, आणि डिशला वीजही लागतेच.

तोवर घरून परीक्षा किंवा इंटरव्ह्यू देणाऱ्यासाठी व्यवहारातली सोय म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी तयार ठेवणं. घेण्याआधी एवढं बघावं, की दोन्ही कंपन्या गावात एकाच टॉवरवर तर नाहीत ना. अनेक ठिकाणी एकाच खांबावर दोघांचे अँटेना असतात, आणि त्याची लाइट गेली की दोन्ही सिम एकदमच गप्प होतात. जुलै-ऑगस्टमधली ऑनलाइन परीक्षा घरून किंवा केंद्रावर असा पर्याय असेल, तर कुडाळ किंवा कणकवलीच्या केंद्राचा एसटीचा प्रवास बरा.